हाडांचे सांधणे आणि परावटू संप्रेरक



हाड मोडणे हा मनुष्याच्या वाट्याला येणारा फार जुना अपघात आहे. मोडलेले हाड पुन्हा सांधले जाणे ही गोष्टही तितकीच जुनी आहे. त्वचेची जखम भरून आली की तिच्या जागी वण राहतो. हाडाचे तसे नाही. मोडलेल्या जागी पुन्हा हाडच तयार होते, आणि काही वर्षांनी क्ष-किरण चित्रातही ती जागा सहसा ओळखू येत नाही. हे काम शरीर स्वतः करते. खेड्यातील हाडवैद्य असो अथवा मोठ्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक असो, तो मोडलेली टोके समोरासमोर आणतो, ती हलू नयेत म्हणून बांबूच्या कांबी, प्लास्टर, पोलादी पट्टी किंवा खिळा यांची योजना करतो, आणि मग वाट पाहतो.

ही वाट पाहण्याची मुदत कमी करता येईल काय, हा प्रश्न म्हणून सर्वच काळात विचारला गेला आहे. आपल्याकडे कांडवेलीला हाडसांधी असे नाव पडले ते याच अपेक्षेतून. वाराणसीचे शल्यचिकित्सक के. एन. उडुपा यांनी १९६० च्या दशकात या वेलीचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. त्याच दशकात वृद्धी संप्रेरक व अवटू ग्रंथीचे संप्रेरक यांचा अस्थिभंगावर काय परिणाम होतो, हेही त्यांनी प्रयोगांनी तपासले. संप्रेरक म्हणजे ज्याला सर्वसामान्यपणे हार्मोन म्हटले जाते तो पदार्थ. तो एखाद्या ग्रंथीत तयार होतो, रक्तात मिसळतो आणि दूरच्या अवयवाला काम करण्याची आज्ञा देतो.

आज दिल्लीतील रुग्णालयांत हा प्रश्न अगदी प्रत्यक्ष स्वरूपात विचारला जातो. सत्तरीच्या घरातील एखादी स्त्री न्हाणीघरात घसरते, आणि तिच्या खुब्याचे हाड मोडते. घरची मंडळी जमतात आणि कोणीतरी म्हणते की, हाड लवकर जुळण्यासाठी हार्मोनचे इंजेक्शन निघाले आहे, ते आजींना का देऊ नये? औषध महाग आहे. दरमहा काही हजार रुपये त्यासाठी मोजावे लागतात. माणूस आपले असले की खर्चाचा विचार मागे पडतो. या कुटुंबाला केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणे पुरेसे नाही. त्या संप्रेरकाचा स्वभाव काय आहे आणि दिल्लीच्या रहिवाशांच्या हाडांची स्थिती काय आहे, या दोन गोष्टी समजल्या तरच योग्य उत्तर देता येते.

प्रथम हाड कसे सांधले जाते ते पाहू. हाड मोडताच तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या तुटतात आणि रक्ताची गाठ तयार होते. जागा सुजते व दुखते. ही सूज निरर्थक नसते. दुरुस्तीचे काम करणाऱ्या कोशिकांना तीच बोलावून आणते. दोन-तीन आठवड्यांत रक्ताच्या गाठीची जागा मऊ कूर्चा घेते आणि दोन्ही टोकांभोवती एक वेटोळे तयार होते. त्याला किण म्हणतात. पुढे या किणात कॅल्शियम व फॉस्फेट यांचे क्षार साठू लागतात आणि ते कठीण होते. शेवटी कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षे, हे ओबडधोबड हाड तासले जाऊन मूळच्या आकाराला येते. या सर्व कामात दोन प्रकारच्या कोशिका मुख्य असतात. अस्थिजनक कोशिका नवे हाड रचतात आणि अस्थिभंजक कोशिका जुने हाड विरघळवितात. निरोगी माणसाच्या सांगाड्यातही हे दोन्ही व्यवहार आयुष्यभर शेजारी शेजारी चालू असतात.

अस्थिजनक कोशिका प्रथम प्रथिनांच्या तंतूंचे जाळे विणतात आणि त्या जाळ्यात मग क्षार बसतात. क्षार मिळाले नाहीत तर जाळे तसेच मऊ राहते. आहारातील कॅल्शियम आतड्यातून रक्तात पुरेसे उतरण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ड जीवनसत्त्वाचा मोठा भाग उन्हामुळे त्वचेत तयार होतो. ही साखळी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे दिल्लीचा विचार करताना तिच्याकडे परत यावे लागणार आहे.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असते. उरलेला अल्पसा भाग रक्तात व इतर ऊतींत असतो. परंतु स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे कार्य व हृदयाचे स्पंदन त्याच्यावर अवलंबून असते. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण थोडेही ढळून चालत नाही. ते राखण्याचे काम मानेतील चार लहान ग्रंथींकडे आहे. अवटू ग्रंथीच्या मागील बाजूस असणाऱ्या या ग्रंथींना परावटू ग्रंथी म्हणतात. प्रत्येकीचा आकार साधारण तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो. रक्तात कॅल्शियम कमी पडले की या ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात आणि हाडांच्या कोठारातून कॅल्शियम बाहेर काढले जाते.

या ग्रंथींच्या शोधाची कथा भारतीय वाचकाला कौतुकाची वाटेल. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय गेंडा १८४९ मध्ये मरण पावला. त्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाला अवटू ग्रंथीला चिकटलेला एक लहान पिवळसर पिंड आढळला. मनुष्याच्या शरीरातील याच ग्रंथींचे वर्णन स्वीडनमधील उप्साला येथे वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या ईव्हार सँडस्ट्रम याने १८८० मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९०९ मध्ये मॅकॅलम व व्होग्टलिन यांनी या ग्रंथींचा कॅल्शियमशी असलेला संबंध दाखविला, आणि १९२५ मध्ये कॅनडातील जेम्स कॉलिप यांनी त्यांचा परिणामकारक अर्क प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी व्हिएन्नामध्ये एक घटना घडली. ट्रामवर काम करणाऱ्या एका माणसाची हाडे ठिसूळ होऊन गेली होती आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. परावटू ग्रंथी दुर्बल झाल्यामुळे हाडे बिघडतात, अशी त्या काळची समजूत होती. म्हणून फेलिक्स मांडल या शल्यचिकित्सकाने त्याला प्रथम परावटू ग्रंथींचा अर्क दिला. नंतर दुसऱ्या माणसाच्या शरीरातील या ग्रंथींचे रोपणही त्याने करून पाहिले. रुग्णाला काहीच उतार पडला नाही. तेव्हा मांडलने त्याची मान उघडून पाहिली. एका परावटू ग्रंथीची मोठी गाठ झालेली होती. ती काढून टाकल्यावर रुग्णाच्या वेदना कमी झाल्या व हाडांत पुन्हा कॅल्शियम भरू लागले. ज्या संप्रेरकाच्या अतिरेकाने हाडे झिजत होती, त्याच संप्रेरकाची त्याच्या शरीरात आणखी भर घातली जात होती, हे त्या वेळी उघड झाले. पुढे त्याचा आजार उलटला ही गोष्ट वेगळी. पण एक मोठा धडा वैद्यकाला मिळाला.

अमेरिकेतील चार्ल्स मार्टेल या व्यापारी जहाजावरील कप्तानाची कथा याहून करुण आहे. त्याची उंची सहा फुटांहून अधिक होती. हाडे मोडत व दबत जाऊन ती काही वर्षांत सुमारे सात इंचांनी घटली. त्याच्या मानेवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या, तरी दोषी गाठ सापडली नाही. १९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत ती छातीच्या पोकळीत सापडली, परंतु त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो मरण पावला.

भारतात हा रोग दीर्घकाळ असाच उग्र स्वरूपात दिसत आला. पाश्चात्त्य देशांत रक्ताच्या नेहमीच्या तपासणीमुळे तो लक्षणे दिसण्यापूर्वीच उघडकीस येऊ लागला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मात्र अस्थिवेदना, वाकलेली हाडे व वारंवार होणारे अस्थिभंग घेऊन रुग्ण येत. सी. व्ही. हरिनारायण, एन. कोचुपिल्लई व त्यांचे सहकारी यांनी अशा रुग्णांतील ड जीवनसत्त्वाच्या स्थितीचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला.

हाडे झिजविणारे हे संप्रेरक हाडे सांधण्यासाठी द्यावे, ही कल्पना मग आली कोठून? तिची मुळेही जुनी आहेत. १९२९ मध्ये बॉस्टनमध्ये बाउअर, ऑब व ऑलब्राइट यांना असे दिसले की, या अर्काच्या इंजेक्शनांनंतर उंदरांच्या हाडांतील आतील जाळी दाट झाली. १९३२ मध्ये हान्स सेल्ये यांनीही अल्प मात्रेने अस्थिजनक कोशिका उत्तेजित होतात असे दाखविले. तथापि शुद्ध संप्रेरक हाती नसल्यामुळे हा विषय मागे पडला. १९७० च्या दशकात त्याची रासायनिक रचना उलगडली. ते ८४ ॲमिनो अम्लांच्या साखळीचे बनलेले असते, आणि त्यांपैकी पहिली ३४ अम्ले हाडांवरील कार्यास पुरेशी होतात. हा तुकडा प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागला. १९८० मध्ये जोनाथन रीव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिसुषिरतेच्या, म्हणजे हाडे पोकळ व ठिसूळ होण्याच्या विकाराच्या, २१ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या हाडांतील जाळी वाढली होती.

एकाच पदार्थाचे हे दोन परस्परविरोधी परिणाम कसे होतात, याचे उत्तर वेळेत आहे. संप्रेरक रक्तात अहोरात्र वाढलेले राहिले तर अस्थिभंजक कोशिकांचे काम वरचढ होते आणि हाड झिजते. तेच दिवसातून एकदा अल्प मात्रेने दिले, तर त्याचे रक्तातील प्रमाण सुमारे अर्ध्या तासात शिखरास पोचते आणि काही तासांत ओसरते. या अल्पकालीन लाटेमुळे अस्थिजनक कोशिका कामाला लागतात, त्यांचे आयुष्यही वाढते, आणि अस्थिभंजक कोशिका पूर्ण जाग्या होण्यापूर्वी लाट ओसरलेली असते. पावसाची सर शेताला मानवते, तेच पाणी शेतात तुंबून राहिले तर पीक कुजते. त्यातलाच हा प्रकार आहे.

या ३४ अम्लांच्या तुकड्याला टेरिपॅराटाइड असे नाव आहे. रॉबर्ट नीअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये १,६३७ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या सर्व स्त्रियांची रजोनिवृत्ती झालेली होती व त्यांचे मणके पूर्वी मोडलेले होते. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी १४ टक्के स्त्रियांचा नवा मणका मोडला. रोज २० मायक्रोग्रॅम औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. २००२ मध्ये अमेरिकेत अस्थिसुषिरतेसाठी या औषधाला मान्यता मिळाली. उंदरांना दीर्घकाळ मोठी मात्रा दिल्यावर त्यांच्यात हाडांचा कर्करोग आढळला होता, म्हणून औषधावर ठळक इशारा छापला जाई. मनुष्यांत अनेक वर्षे लक्ष ठेवूनही तसा धोका वाढलेला न दिसल्यामुळे २०२० मध्ये तेथे तो ठळक इशारा काढून टाकण्यात आला. आज भारतीय कंपन्याही हे औषध तयार करतात.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हाडे पुढे मोडू नयेत म्हणून हे औषध उपयोगी ठरले. मोडलेले हाड त्यामुळे लवकर जुळते काय, हा वेगळा प्रश्न होय. प्राण्यांवरील प्रयोगांत किण अधिक मोठे व बळकट झाल्याचे दिसले होते. मनुष्यांत उत्तर इतके सरळ मिळाले नाही. पेर आस्पेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मनगटाजवळील हाड मोडलेल्या १०२ स्त्रियांची चाचणी प्रसिद्ध केली. औषध न मिळालेल्यांचे हाड जुळण्यास सुमारे ९.१ आठवडे लागले. २० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांना ७.४ आठवडे, तर ४० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांना ८.८ आठवडे लागले. मात्रा दुप्पट केल्याने लाभ दुप्पट झाला नाही. उलट तो जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियात कटीराचे हाड मोडलेल्या ६५ वृद्ध स्त्रियांना पूर्ण लांबीच्या संप्रेरकाचा उपयोग झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले: १२.६ आठवड्यांऐवजी ७.८ आठवड्यांत हाड जुळले. परंतु मांडीच्या हाडाची मान मोडून ती स्क्रूंनी बसविलेल्या रुग्णांवरील चाचणीत औषध घेणारे व न घेणारे यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत पुरेसे रुग्णही मिळू शकले नव्हते. केवळ १५९ जणांवरच ती झाली. खुबा मोडलेल्या आजींच्या कुटुंबाला नेमका याच चाचणीचा निष्कर्ष ठाऊक असला पाहिजे. हाडे जुळविण्याचे औषध म्हणून टेरिपॅराटाइडला मान्यता मिळाली ती अस्थिसुषिरतेसाठी, अस्थिभंग लवकर भरून यावा यासाठी नव्हे. काही चिकित्सक न जुळणाऱ्या हाडांसाठी ते वापरतात, ते स्वतःच्या निर्णयाने व रुग्णाला तशी कल्पना देऊन.

आता दिल्लीकडे वळू. या भागात सूर्यप्रकाशाला तोटा नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तथापि २००० मध्ये रविंदर गोस्वामी, निखिल टंडन, कोचुपिल्लई व इतर संशोधकांनी दिल्लीतील निरोगी माणसांच्या रक्तातील ड जीवनसत्त्वाचे मापन प्रसिद्ध केले, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. उघड्यावर कवायत करणाऱ्या सैनिकांची स्थिती बरी होती. गर्भवती स्त्रिया, नवजात अर्भके, आणि ज्यांनी इतरांना आरोग्याचा उपदेश करावयाचा ते डॉक्टर व परिचारिका, या सर्वांत हे जीवनसत्त्व फार कमी आढळले. २००५ मध्ये आर. के. मरवाहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतील ५,१३७ शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १०.८ टक्के मुलांत या कमतरतेची बाह्य लक्षणे डोळ्यांना दिसत होती.

उन्हाची ही तूट केवळ घरात बसण्याने होते असेही नाही. २००२ मध्ये के. एस. अगरवाल, जेकब पुलियेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वस्त्यांतील लहान बालकांची तुलना प्रसिद्ध केली. एक वस्ती दिल्लीतील मोरी गेटची होती. तेथील हवा धुराने भरलेली असे. दुसरी त्या काळी तुलनेने स्वच्छ हवा असलेल्या गुडगावची. मोरी गेटच्या बालकांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे सरासरी प्रमाण मिलिलीटरला १२.४ नॅनोग्रॅम होते, गुडगावच्या बालकांत २७.१. वीस नॅनोग्रॅमच्या खालची पातळी सामान्यतः कमतरता मानली जाते. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण धुरकट हवेतून पुरेसे खाली पोचत नाहीत, असा त्याचा अर्थ निघतो.

महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. १९२० च्या दशकाच्या आरंभी एच. एस. हचिसन यांनी नाशिक भागातील मुडदुसाचा अभ्यास केला होता. निकृष्ट अन्न खाऊन उन्हातान्हात राबणाऱ्या गरिबांच्या मुलांपेक्षा पडद्यात राहणाऱ्या खात्यापित्या कुटुंबांत तो रोग अधिक आढळला. मुडदूस हा अंधाराचा रोग आहे, हे ज्या अभ्यासांतून जगाला कळले, त्यांपैकी हा एक होय.

ड जीवनसत्त्व कमी पडले की काय घडते? आतड्यातून कॅल्शियम पुरेसे येत नाही, रक्तातील पातळी ढळू लागते, आणि परावटू ग्रंथी आपले संप्रेरक अहोरात्र सोडू लागतात. व्हिएन्नाच्या त्या ट्रामवाल्याच्या गाठीने जे उग्रपणे केले, तेच येथे सावकाश व मुकाट्याने घडते. दिल्लीत खुब्याचे हाड मोडलेल्या ९० रुग्णांचा अभ्यास डी. के. धनवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत ड जीवनसत्त्वाची कमतरता होती, आणि दोन तृतीयांशांहून अधिक रुग्णांत परावटू संप्रेरक वाढलेले होते. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातीलच रोहतक जिल्ह्यात याच संशोधकांनी पन्नाशी ओलांडलेल्यांमधील खुब्याच्या अस्थिभंगांची गणना केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गणनेनुसार त्यांचे प्रमाण वर्षाला दर लाखामागे स्त्रियांत १५९ व पुरुषांत १०५ होते.

सर्व विवेचनाचे मर्म येथे आहे. इंजेक्शनाची चौकशी करणाऱ्या कुटुंबातील आजींच्या रक्तात हे संप्रेरक बहुधा आधीच वाढलेले असते, आणि ते चुकीच्या रीतीने, म्हणजे सतत, वाढलेले असते. त्यावर रोज आणखी एक इंजेक्शन देणे म्हणजे मांडलने प्रथम केलेली चूक शंभर वर्षांनी पुन्हा करणे होईल. त्यांच्या अस्थिजनक कोशिकांना आज्ञेची वाण नाही; क्षारांची वाण आहे. गवंड्यांना कितीही हाका मारल्या तरी चुना नसेल तर भिंत उभी राहणार नाही. म्हणून रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व परावटू संप्रेरक यांची तपासणी केल्यावाचून हे औषध सुरू करू नये, आणि कमतरता असल्यास ती आधी भरून काढावी, हाच उचित क्रम होय. ही भरपाई औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या व स्वस्त गोळ्यांनी किंवा पुड्यांनी होते. मात्रा ठरविणे मात्र चिकित्सकाचे काम आहे, कारण ड जीवनसत्त्वाचा अतिरेकही अपायकारक असतो.

खुब्याच्या अस्थिभंगात याहूनही आधी करावयाची एक गोष्ट आहे. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावी आणि रुग्णाला लवकर उठवून चालवावे, असा वैद्यकाचा अनुभव आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला फुप्फुसाचा दाह, शय्याव्रण आणि शिरांतील रक्ताच्या गुठळ्या यांपासून अधिक भय असते. हाडे जोडणारे औषध मिळविण्यात दिवस दवडून शस्त्रक्रिया लांबविणे हिताचे नाही. पुरेशी प्रथिने, मधुमेहाचे नियंत्रण आणि तंबाखू व विडी वर्ज्य करणे, या गोष्टींचाही हाड जुळण्यावर प्रत्यक्ष परिणाम होतो.

मग संप्रेरकाचे स्थान कोणते? ज्यांच्या हाडांत क्षारांची सामग्री आहे पण अस्थिसुषिरता तीव्र आहे, एकामागून एक मणके मोडत आहेत, अशांना ते मोठे वरदान ठरते. ते रोज त्वचेखाली टोचून घ्यावे लागते, बहुधा दोन वर्षांहून अधिक काळ दिले जात नाही, आणि ते थांबविल्यावर मिळविलेले हाड टिकविण्यासाठी दुसरे औषध द्यावे लागते. ते दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. दिल्लीच्या उन्हाळ्यात जेथे वीज तासन्तास जाते, तेथे ही अट लहान समजू नये. वाढत्या वयाची मुले, हाडांचा कर्करोग झालेले, हाडांवर किरणोपचार झालेले, आणि ज्यांच्या रक्तात कॅल्शियम किंवा परावटू संप्रेरक अधिक आहे, अशांना ते देत नाहीत.

व्यक्तीच्या उपचाराबरोबर समाजाच्या उपचाराचाही विचार व्हावयास हवा. राजेश खडगावत, मरवाहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एका साध्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा ते चौदा वर्षांच्या ७१३ शाळकरी मुलांना बारा आठवडे रोज दूध देण्यात आले. एका गटाला साधे दूध, दुसऱ्याला ६०० एकके ड जीवनसत्त्व मिसळलेले, तिसऱ्याला १,००० एकके मिसळलेले. शेवटी वीस नॅनोग्रॅमहून अधिक पातळी पहिल्या गटात सुमारे ६ टक्के मुलांची होती, दुसऱ्यात ७० टक्के, आणि तिसऱ्यात ८१ टक्के. दूध व खाद्यतेल यांत अ व ड ही जीवनसत्त्वे मिसळण्याची मानके भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये अधिसूचित केली. ती ऐच्छिक स्वरूपाची होती. म्हणून ग्राहकाने दुधाच्या पिशवीवरील मजकूर वाचून पाहण्याची सवय ठेवणे इष्ट होय.

महाराष्ट्रात बाळाच्या अंगाला तेल चोळून त्याला कोवळ्या उन्हात धरण्याची रीत आहे. ती चांगली असली तरी ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण अगदी सकाळच्या उन्हात फार थोडे असतात. सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या सुमारास ते अधिक मिळतात. सावळ्या त्वचेला ऊनही अधिक वेळ लागते. दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत दुपारी गच्चीवर अथवा बागेत बसलेली वृद्ध मंडळी दिसतात. हातपाय उघडे ठेवून काही वेळ असे बसणे हा आळस नव्हे. हवा धुरकट असेल त्या दिवसांत मात्र केवळ उन्हावर विसंबता येत नाही, आणि धूर कमी करणे हे कोणा एका कुटुंबाच्या हातातील काम नाही.

गेंड्याच्या मानेतील त्या पिवळसर पिंडापासून रोजच्या इंजेक्शनापर्यंतचा हा प्रवास सुमारे दीडशे वर्षांचा आहे. या काळात वैद्यकाने शरीराची एक आज्ञा ओळखली, ती शुद्ध स्वरूपात तयार केली आणि ती केव्हा व किती द्यावी हे जाणले. ती आज्ञा पाळण्यासाठी लागणारी सामग्री मात्र अन्नातून, उन्हातून आणि स्वच्छ हवेतूनच येते. पुढच्या वेळी एखाद्या घरात महाग इंजेक्शनाची चर्चा निघेल, तेव्हा रक्तातील ड जीवनसत्त्व तपासले आहे काय, हा प्रश्न कोणी आधी विचारला, तर या व्याख्यानाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.